खानावळीची उधारी आणि संस्थेचे नेतृत्व
(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



गरीब कुटुंबांना दारिद्र्यातून वर काढणाऱ्या संस्थेचे नेतृत्व कसे करावे, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. ‘वर काढणारी’ संस्था आणि ‘वर काढले जाणारे’ कुटुंब अशी विभागणी एकदा मनाशी पक्की झाली, की संस्थेचा धर्मादाय होतो आणि पुढारी अन्नदाता बनतो. म्हणून तत्त्वचर्चेऐवजी मुंबईच्या गिरणगावातील एक उदाहरण घेऊ. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली तेथे अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. मुक्तिलढ्यात पायात गोळी लागलेल्या, पुढे कम्युनिस्ट चळवळीत आलेल्या.

गिरणी कामगार बहुधा कोकणातून वा घाटावरून एकटाच मुंबईत येई. बायकामुले गावी, झोपायला पाळीपाळीने वापरायची खोली, आणि जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. चाळीतल्या खोलीत एक बाई पहाटेपासून स्टोव्हपुढे बसलेली असे, एवढीच ती खानावळ. कामगार पैसे देणार पगाराच्या दिवशी. तांदूळ, डाळ, रॉकेल मात्र तिला आजच हवे. ते ती वाण्याकडून उधार घेई. वाणी भाव चढवून लावी आणि माल हलका देई, कारण उधारीच्या गिऱ्हाइकाला तक्रारीचा अधिकार नसतो. अडचण वाढली की सावकार, आणि गळ्यातले मंगळसूत्र गहाण.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कामगार महिनाभर राबतो आणि मग मालक मजुरी देतो. त्या महिनाभर त्याला जगवण्याचा खर्च कोण उचलत होते? ही खानावळवाली. भांडवलदाराला कामगार देत असलेल्या उधारीचा शेवटचा बोजा तिच्या शिरावर होता, आणि त्यावरचे व्याजही तीच भरत होती. तिचे दारिद्र्य आळसातून वा उधळपट्टीतून आलेले नव्हते. तिला काटकसरीचे धडे देणे हा निव्वळ उद्धटपणा ठरला असता.

प्रेमाताईंनी ते धडे दिले नाहीत. 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. 1972 पासून दुर्बल घटकांसाठी 4 टक्के व्याजाची योजनाही होती. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांचे नेते, तेव्हा बँकेचा दरवाजा कोठून उघडतो हे त्यांच्या घरात ठाऊक होते. तरीही बँक तारण मागणार, जामीन मागणार, सही मागणार. एकीची हमी दुसरीने घ्यायची, हा त्यावरचा तोडगा. पहिले कर्ज अवघ्या 14 जणींना मिळाले. या कामातले नेतृत्व भाषणांत दिसत नाही. सही गिरवून घेणे, कागद जुळवणे, काउंटरपाशी सोबत उभे राहणे, आणि पुढच्या खेपेस मुद्दाम सोबत न जाणे, यात ते दिसते. माझ्या मते शेवटची गोष्ट सर्वांत अवघड.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. जेवणारेच गावी परतले, तेव्हा स्वस्त कर्ज खानावळीला कसे वाचवणार? कित्येक चुली थंडावल्या. मंडळाला सामूहिक स्वयंपाक, कार्यालयांना जेवण पुरवणे अशा नव्या वाटा शोधाव्या लागल्या. कौतुकाच्या लेखांत हे पान सहसा गाळलेले असते. मजुरीचा लढा हरला तर संस्था एकटी कुटुंबाला सावरू शकत नाही, हे मात्र त्याच पानावर लिहिले आहे.

पुढे हीच परस्पर हमी नफेखोर सूक्ष्मवित्त कंपन्यांनी उचलली. शेजारणीची हमी शेजारणीवरचा पहारा बनली. 2010 साली आंध्र प्रदेश सरकारला त्यांच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने 2011 साली या कर्जांवर 26 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि 2022 साली दरांवरील मर्यादाच काढून टाकली. कोठे 4 आणि कोठे 26! गट तसाच, बायका त्याच. फरक पडला तो पैसा कोणाचा आणि हिशेब कोणाच्या हाती, यात.

तेव्हा एखाद्या संस्थेने वसुलीचा टक्का दाखवला, तर हप्ता कशातून भरला हे प्रथम विचारा. धंद्यातून, की दुसऱ्या कर्जातून? दुपारच्या सत्रात प्रत्येकीने आपल्या वस्तीतील दहा घरांची उधारी मांडायची आहे: वाण्याची किती, सावकाराची किती, कंपनीची किती, आणि मजुरी कोणत्या तारखेला हाती पडते. तारखेचा रकाना कोणीही रिकामा ठेवू नये.