बरे झालेल्यांनी जायचे कोठे?

(चिखला येथे खाण-कामगारांपुढे केलेल्या भाषणावरून)



मँगनीजच्या या गावात मनोरुग्णालयाचा विषय कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली, तर ती मेंदूला बाधते. आरंभी चिडचिड, अकारण हसू वा रडू, कधी भास. पुढे पाऊलच अडखळू लागते. ग्लासगोच्या कूपर नावाच्या डॉक्टरांनी असे रोगी १८३७ सालीच नोंदले होते. १९५२ च्या खाण कायद्याखाली ही विषबाधा सरकारला कळविणे बंधनकारक करण्यात आले होते. तेव्हा हा विषय आपल्या दारातला आहे.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. विदर्भातला गरीब माणूस तेथेच पोचतो. तेथे दोन तऱ्हांची माणसे राहतात. एक, काही आठवड्यांच्या उपचारानंतर घरी परतणारी. दुसरी, औषधाने सावरलेली, पण न्यायला कोणी येत नाही म्हणून वर्षानुवर्षे राहिलेली. पहिल्यांसाठी ते इस्पितळ आहे. दुसऱ्यांसाठी तोच उभा जन्म. मात्र वॉर्डाचा दिनक्रम आखला जातो तो पहिल्यांच्या हिशेबाने. नवा रोगी रात्रभर ओरडत असेल, तर त्याची ती एक वाईट रात्र असते. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या अशा किती रात्री गेल्या, याची मोजदाद कोण ठेवतो? महिनाभर राहणाऱ्याला स्वतःची पेटी नसली तरी चालते. वीस वर्षे राहणाऱ्याला तिच्यावाचून स्वतःचे असे काय उरते?

कायदा याबाबत मुका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे एकोणिसावे कलम म्हणते की, केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. पुढच्याच कलमात खासगीपणा, इच्छा असल्यास स्वतःचे कपडे आणि कामाचा योग्य मोबदला हे हक्क दिले आहेत. मोबदल्याचे कलम कामगारांनी नीट वाचावे. इस्पितळात झाडलोट करणारा रोगी हाही श्रम करणारा माणूसच आहे.

आणि आपल्या सरकारने काय केले? बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलविण्याच्या महाराष्ट्रातील प्रकाराबद्दल २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला नापसंती व्यक्त करावी लागली. खाटा रिकाम्या झाल्या की कागदावर पुनर्वसन झाले! ज्याने भीक मागितली नाही, त्याला भिकारी ठरवून टाकण्याची ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली, ते सरकारने सांगावे.

कुटुंबांना दोष देणे सोपे आहे. रोजंदारी बुडवून नागपूरच्या खेपा घालणाऱ्या, तुमसरला औषध न मिळाल्याने हात टेकलेल्या घराला मी दोष देणार नाही. म्हणून मागणी अशी करा: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही औषधे सलग मिळावीत. जिल्ह्यात, वस्तीच्या मधोमध, मोजक्या माणसांची निवासगृहे निघावीत. ती उभी राहीपर्यंत, रुग्णालयात मुक्कामी राहिलेल्यांची निजण्याची जागा नव्या रोग्यांपासून वेगळी असावी, आणि प्रत्येकाला कुलपाची एक पेटी मिळावी. किल्ली त्याच्याजवळ.