उतारा नसलेली भीती



भयकथाकार नारायण धारपांच्या समर्थकथा वाचत माझ्यासारखे अनेक जण मोठे झाले. त्या कथांत अमंगळ शक्ती कितीही भयंकर असली तरी समर्थ येणार, तिचा बंदोबस्त होणार, हा भरवसा असायचा. भीतीला कारण असायचं आणि कारण असलं की उताराही सापडायचा. आज मी बोलणार आहे ते उतारा न देणाऱ्या चित्रपटांबद्दल. ते पाहून माणूस अस्वस्थ होतो, आणि तरी पुन्हा त्यांच्याकडे वळतो. का वळतो?

डेव्हिड लिंच यांचा 'इरेझरहेड' घ्या. १९७७चा, कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा. हेन्री हा छपाईकामगार कारखान्यांनी वेढलेल्या उजाड वस्तीत राहतो. मैत्रीण मेरी हिच्या घरी जेवायला गेल्यावर त्याला कळतं की तिला मूल झालंय. ते मूल म्हणजे बँडेजमध्ये गुंडाळलेलं धड आणि त्यातून बाहेर आलेली लांब, ओलसर मान. ते सारखं रडतं. मुलाला घेऊन हेन्रीकडे राहायला आलेली मेरी झोप उडाल्याने एका रात्री माहेरी निघून जाते. एका खोलीत हेन्री आणि ते रडणं, एवढंच उरतं.

या चित्रपटात दचकवणारं फार थोडं आहे. भीती आहे ती आवाजात. लिंच आणि ध्वनिसंयोजक अ‍ॅलन स्प्लेट यांनी जवळजवळ प्रत्येक दृश्याखाली यंत्रांची घरघर, वाफेचा फुत्कार, वाऱ्याची घूंघूं पसरून ठेवली आहे. सुरुवातीला आपण ती ऐकतो, मग विसरतो, पण छातीवरचं दडपण वाढतच जातं. ते कशाचं, हे विचारलं तर सांगता येत नाही.

लिंच फिलाडेल्फियात राहत असताना, १९६८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी बाप झाले. त्या शहरातल्या भयाबद्दल ते पुढे आयुष्यभर बोलत राहिले. समीक्षकांनी त्यातून हेन्रीच्या बाळाचा अर्थ लावला. लिंच यांनी मात्र अर्थ सांगितला नाही आणि ते बाळ कसं बनवलं हेही सांगितलं नाही. मला हा त्यांचा हट्ट फार मोलाचा वाटतो. कोवळ्या वयात बाप झालेल्या मुलाला स्वतःच्याच लेकराची धास्ती वाटली, तर ती तो कुणाजवळ बोलेल? पेढे वाटले जात असतात. हा चित्रपट त्या धास्तीला खोटं ठरवत नाही, तिची समजूतही घालत नाही. ती आहे, एवढं मान्य करतो. माझ्या मते या चित्रपटांची ओढ इथून येते.

बेव्हर्ली हिल्समधल्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात पैसे जमतील तसं सुमारे पाच वर्षं 'इरेझरहेड'चं काम चाललं. एका दृश्यात हेन्री दाराच्या मुठीला हात लावतो. तो दारातून आत येतो ते चित्रण दीड वर्षानंतरचं. मधल्या काळात जॅक नान्स या नटाने ती उभ्या केसांची ठेवण जपली. पडद्यावर हा सांधा दिसत नाही. पुढे स्टॅन्ली कुब्रिक यांनी 'द शायनिंग'च्या वेळी आपल्या सहकाऱ्यांना हा चित्रपट मुद्दाम दाखवला.

याच जातकुळीतल्या रोमान पोलान्स्की यांच्या 'रिपल्शन'मध्ये (१९६५) लंडनच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिलेली कॅरोल आहे. भिंतींना तडे जातात, भिंतींतून हात बाहेर येतात. मला त्याहून भिववतात ते स्वयंपाकघरातले कोंब फुटलेले बटाटे आणि शिजवायचा राहून गेलेला सशाचा देह. दिवस किती उलटले, हे कॅरोलला कळत नाही, आपल्याला कळतं.

कियोशी कुरोसावा यांच्या 'क्युअर'मध्ये (१९९७) साधीसुधी माणसं खून करतात. त्यांना खून आठवतो. का केला, हे उमगत नाही. त्या प्रत्येकाची एका स्मृतिभ्रंश झालेल्या तरुणाशी गाठ पडलेली असते. 'तू कोण आहेस?' असं तो शांतपणे विचारत राहतो. कॅमेरा लांब उभा राहतो, जवळ जाऊन आपल्याला काही दाखवत नाही. मग आपलेच डोळे चौकटीचे कोपरे धुंडाळू लागतात.

हे चित्रपट मन बिघडवतात, असं काही जण म्हणतात. मन आधीच खचलेलं असेल, तर ते पाहू नयेत, असं मीही म्हणेन. बाकीच्यांनी 'रिपल्शन'पासून सुरुवात करावी, मग 'क्युअर' पाहावा. 'इरेझरहेड' शेवटी, पूर्ण अंधारात आणि चांगल्या ध्वनियंत्रणेवर. त्याचा अर्थ सांगणारं काहीही आधी वाचू नका.