वाकडे दात : उपचाराची योग्य वेळ



मुलाचे दात वेडेवाकडे आले की घरातील वडीलधारी मंडळी 'वाढत्या वयात बसतील' असे म्हणून निश्चिंत होतात. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. सातव्या-आठव्या वर्षी वरच्या पुढील दातांत दिसणारी फट सुळे आल्यावर पुष्कळदा आपोआप मिटते. दाटीने आलेले किंवा ओठाबाहेर डोकावणारे दात मात्र सहसा असे बसत नाहीत, आणि मोलाची वर्षे हातची जातात.

दाटीचे मूळ अनेकदा दुधाच्या दाढेत असते. ती किडली की 'पडणारच आहे' म्हणून उपटून टाकली जाते. वस्तुतः तिच्या जागी येणारा कायमचा दात दहाव्या ते बाराव्या वर्षी उगवतो. तोवर ती त्याची जागा राखत असते. राखणदार गेला की सहाव्या वर्षी आलेली मोठी दाढ पुढे सरकते आणि उशिरा येणारा सुळा जागेअभावी हिरडीवर उंच निघतो. म्हणून दुधाची दाढ भरून घेणे इष्ट. काढणे भागच पडले, तर जागा राखणारी तारेची कडी बसविता येते.

खालचा जबडा मागे राहिल्याने वरचे दात पुढे दिसत असतील, तर दहा ते चौदा या वाढीच्या वयात काढता-घालता येणाऱ्या साधनाने जबड्याच्या वाढीचाच उपयोग करून घेता येतो. वाढ थांबल्यावर तीव्र व्यंगात तेच काम शस्त्रक्रियेवर येते. असे पुढे आलेले दात खेळताना पडून तुटण्याचा धोकाही अधिक.

केवळ दात सरळ करण्यास मात्र वयाची आडकाठी नाही. हिरड्या निरोगी हव्यात. तारेच्या मंद दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूस नवे भरते, आणि दात सरकतो. यास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात व दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी असते. पारदर्शक साच्यांचा पर्यायही आता आहे. परंतु ते दिवसातून वीस-बावीस तास घालावे लागतात आणि खर्चिक असतात. तोंड न तपासता कोणी साचे घरपोच देऊ करीत असेल, तर त्याच्या वाटेस जाऊ नये.

बालाघाटच्या कुटुंबाने प्रवासाचाही हिशेब आधी मांडावा. इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय फार दूर पडते. नागपूरचे गोंदियामार्गे त्या मानाने जवळ आहे. उपचार अर्ध्यावर सोडण्यापेक्षा तो सुरू न करणे बरे. किंचित वाकडा दात चावण्यास अडथळा करीत नसेल व मुलाला त्याचे काही वाटत नसेल, तर तो तसाच राहू द्यावा.

या भागातील खर्रा येथे आडवा येतो. सुपारीने तोंडाची आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे झाले, तर दंतवैद्याची हत्यारेही आत जाऊ शकत नाहीत.

तोंडावर हात धरून उत्तर देणारी मुलगी शिक्षकांच्या लक्षात येतेच. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा दातांचीही तपासणी होते. अशा मुलांची नावे शिक्षकांनी त्या वेळी पुढे करावीत.

तार असताना ऊस, फुटाणे वर्ज्य. चिन्नोरचा मऊ भात खुशाल खावा. तार निघाल्यावर दात मागे फिरू नयेत म्हणून रिटेनर दिला जातो. तो सांगितलेल्या मुदतीपर्यंत घालावा व गार पाण्यानेच धुवावा. कढत पाण्याने त्याचा आकार बिघडतो.