सही आपली, जबाबदारीही आपली



आपल्या नागपुरात राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. देशभरातले आयकर अधिकारी इथे शिकून तयार होतात. कर घेणाऱ्यांच्या शिक्षणाची ही सोय 1957 पासूनची आहे. कर देणाऱ्याने मात्र आपले शिक्षण आपणच करायचे असते. त्यातला एक छोटासा धडा आज आपण पाहू.

गावच्या शाळेतल्या गुरुजींना आयकराचे विवरणपत्र किचकट वाटते. तालुक्याच्या गावी एखादा माहीतगार असतो, तो ठरलेली फी घेऊन ते भरून देतो. यात गैर काहीच नाही. विहिरीसाठी आपण पाणाड्याला बोलावतो, जमिनीसाठी मोजणीदाराला. तसाच हाही एक जाणकार.

गैर आहे ते पुढेच. कोणी दलाल भेटतो आणि म्हणतो, ‘‘गुरुजी, काही काळजी करू नका जी. कापलेला कर परत आणून देतो. येईल त्यातला दहावा हिस्सा माझा.’’ मग विवरणपत्रात न दिलेले घरभाडे येते, न दिलेली देणगी येते, न काढलेल्या शैक्षणिक कर्जाचे व्याज येते. इतकेच काय, घरात कुणाला नसलेला दुर्धर आजारही येतो!

ही कल्पित गोष्ट नव्हे, बरं का. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने अशाच खोट्या वजावटींसाठी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून 150 ठिकाणी तपासणी केली. काही दलाल नुसत्या विवरणांपुरते तात्पुरते ई-मेल पत्ते काढून पुढे ते सोडून देत, असे खात्याने तेव्हा सांगितले. म्हणजे नोटीस गुरुजींच्या नावाची, पण ती जाणार सोडून दिलेल्या पत्त्यावर! ती वाचणार कोण? त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी आपण होऊन 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

आता कुणी म्हणेल, ‘‘भरले त्याने, मला काय ठाऊक?’’ कायदा हे ऐकत नाही. विवरणपत्राच्या शेवटी, ही माहिती बरोबर आणि पूर्ण आहे, असे प्रतिज्ञेवर लिहिलेले असते, आणि ती प्रतिज्ञा आपली असते. मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांक आपण दलालाला फोनवरून सांगतो ना, तो आजचा अंगठा आहे. न वाचलेल्या कागदावर अंगठा उमटवून आपल्या आज्यापणज्यांनी काय गमावले, ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

समजा, खोट्या वजावटीने 20,000 रुपये परत आले आणि दलालाने 2,000 घेतले. खोटेपणा उघड झाला की ते 20,000 भरायचे, वर व्याज, आणि चुकीच्या माहितीबद्दल कराच्या दुप्पट, म्हणजे 40,000 पर्यंत दंड. खोटे भरायला लावणाराही कायद्याने शिक्षेस पात्र आहे, हे खरे. पण त्याला शिक्षा झाली म्हणून आपला कर माफ होत नाही.

मग करावे काय? परताव्यात हिस्सा मागणारा माणूस दारातूनच परत पाठवावा. जाणकाराला ठरलेली फी द्यावी. ई-मेल आणि मोबाइल क्रमांक आपलाच द्यावा, पासवर्ड आपल्याजवळ ठेवावा. क्रमांक सांगण्यापूर्वी विवरणपत्र समोर घेऊन प्रत्येक वजावटीवर बोट ठेवावे आणि विचारावे, ‘‘याची पावती माझ्याजवळ आहे का?’’ नसेल, तर ती ओळ खोडायला लावावी. शेवटी एक प्रत घरी ठेवावी.

आणि चूक आधीच होऊन गेली असेल तर? नोटिशीची वाट पाहू नये. सुधारित माहितीचे अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत 2025 च्या अर्थ कायद्याने 24 वरून 48 महिन्यांवर नेली आहे. त्यात कर आणि व्याजाखेरीज 25 ते 70 टक्के जादा भरावे लागतात. जितका उशीर, तितका भार अधिक. तरी दुप्पट दंडापेक्षा तो हलकाच.

विश्वास पानिपतावर गेला, असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. मी म्हणतो, विश्वास जरूर ठेवा. पण तो कागद वाचून झाल्यावर. जो गुरुजी मुलांची गणिते तपासल्यावाचून गुण देत नाही, त्याने स्वतःचे गणित न तपासता त्यावर सही का करावी?