आभाळ कोणाचे, झोप कोणाची?



विमानतळाजवळ राहणाऱ्या माणसाला एक सवय लागते. बोलता बोलता तो मध्येच थांबतो, विमान डोक्यावरून पुढे जाईपर्यंत गप्प राहतो आणि मग राहिलेले वाक्य पूर्ण करतो. कुर्ला-घाटकोपरला, विलेपार्ल्याला किंवा पुण्याच्या लोहगाव-विमाननगर भागात ज्यांचे नातेवाईक राहतात, त्यांनी हे पाहिले असेल. दिवसा माणूस हे चालवून घेतो. पण रात्री दोन वाजता तान्हे मूल दचकून उठले, की त्याला प्रश्न पडतो, तक्रार करायची कोणाकडे? विमान कंपनीचे कार्यालय दूर, सरकारी खाते दिल्लीला. ओळखीचा असतो तो आपल्या वॉर्डाचा नगरसेवक. आणि नगरसेवक म्हणतो, "काका, हे आमच्या हातात नाही हो."

त्याचे हे म्हणणे कितपत खरे आहे, हा आजच्या भाषणाचा विषय. उत्तर शोधायला आपण अमेरिकेत जाऊ. कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसला लागून, बरबँक नावाचे सुमारे लाखभर वस्तीचे शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने हा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षे धरून ठेवला आहे. त्यात ती हरली किती, जिंकली किती, हे पाहण्यासारखे आहे.

बरबँकचा विमानतळ त्या काळी लॉकहीड या विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा होता. पंख्याची विमाने जाऊन जेट विमाने आली, तसा आवाज वाढला. लोकांची तक्रार नगरपालिकेत आली. १९७० मध्ये नगरपालिकेने ठराव करून कायदा केला, की रात्री ११ ते सकाळी ७ या वेळात बरबँकहून जेट विमानाने उड्डाण करायचे नाही. आता गंमत पाहा. या बंदीत नियमित वेळापत्रकातले एकच विमान सापडत होते. दर रविवारी रात्री साडेअकराला ते सॅन डिएगोला निघत असे. आठवड्यातून एक विमान! पण त्यावरून खटला उभा राहिला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

निकाल १९७३ मध्ये लागला. नऊपैकी पाच न्यायाधीश नगरपालिकेच्या विरुद्ध, चार बाजूने. बहुमताचे म्हणणे असे, की आकाशातली वाहतूक आणि तिचा आवाज हे केंद्र सरकारचे काम आहे. प्रत्येक गावाने आपापले घड्याळ लावायचे ठरवले, तर विमानांनी उडायचे कधी आणि उतरायचे कुठे? एका गावाने रात्र बंद केली, की त्या वेळची विमाने शेजारच्या गावावर जाणार. हा मुद्दा खोटा नव्हता. बरबँकची बंदी रद्द झाली.

हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते विल्यम डग्लस. याच डग्लस यांनी १९४६ मध्ये आणखी एक निकाल लिहिला होता, तो ऐकण्यासारखा आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॉझबी नावाचा एक कोंबडीपालक होता. युद्धाच्या काळात त्याच्या शेजारच्या धावपट्टीवर लष्करी विमाने उतरू लागली. घराच्या छपरावरून ती अवघ्या ६७ फुटांवरून जात. घाबरून कोंबड्या भिंतीवर जाऊन आपटत आणि मरत. अशा सुमारे दीडशे कोंबड्या गेल्या आणि त्याचा धंदा बसला. जमिनीचा मालक तो तिच्यावरच्या आभाळाचाही मालक, असे जुना कायदा मानत असे. ते तत्त्व विमानाच्या युगात चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण विमान इतके खालून जात असेल की जमीन वापरताच येऊ नये, तर सरकारने भरपाई द्यायला हवी, असेही म्हटले. पुढे १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या विमानतळाच्या खटल्यात प्रश्न आला, की अशी भरपाई कोणी द्यायची. न्यायालयाने उत्तर दिले, विमानतळ ज्याच्या मालकीचा त्याने. तिथे मालक स्थानिक काउंटी होती, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखी संस्था. तिला पैसे मोजावे लागले.

या निकालांचा एकत्र अर्थ असा झाला, की हुकूम देण्याचा अधिकार केंद्राकडे आणि आवाजाचा खर्च मालकाकडे. मग ज्याच्या खिशातून पैसे जाणार, त्या मालकाला थोडे तरी नियम करता यायला हवेत की नाही? बरबँकच्या निकालात एका तळटीपेत हा प्रश्न मोकळा ठेवला होता. नगरपालिका स्वतः मालक असेल तर काय, याचा विचार आम्ही इथे केलेला नाही, असे न्यायालय म्हणाले.

पुढे बरबँकने शेजारच्या ग्लेंडेल आणि पॅसाडेना या दोन शहरांना बरोबर घेतले. तिघांनी मिळून एक प्राधिकरण स्थापले आणि १९७८ मध्ये विमानतळच विकत घेतला. प्रत्येक शहराचे तीन, असे नऊ सदस्य त्याचा कारभार पाहतात. आता आवाजाची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसासमोर बसलेला सदस्य "आमच्या हातात नाही" असे म्हणू शकत नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग झाले की काम! तसे झाले नाही. १९९० मध्ये अमेरिकी संसदेने विमानतळांच्या आवाजाबद्दल नवा कायदा केला. यापुढे कोणत्याही विमानतळाला नवी बंदी घालायची असेल, तर मोठा अभ्यास करून केंद्रीय विमान खात्याची मंजुरी घ्यावी लागेल, असे ठरले. बरबँकच्या प्राधिकरणाने कित्येक वर्षे घालवून तो अभ्यास केला, रात्रीच्या बंदीसाठी अर्ज केला आणि २००९ मध्ये खात्याने तो नाकारला. रात्री १० ते सकाळी ७ विमान कंपन्यांनी आपणहून उड्डाणे ठेवू नयेत, एवढा संकेत उरला. संकेत म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

याच राज्यात ऑरेंज काउंटीचा जॉन वेन विमानतळ आहे. शेजारी न्यूपोर्ट बीच हे शहर. तिथे काउंटी, शहर आणि नागरिकांच्या संघटना यांच्यात बरीच कोर्टबाजी होऊन १९८५ मध्ये तडजोड झाली. प्रवासी विमाने रात्री १० नंतर उडणार नाहीत, ११ नंतर उतरणार नाहीत, सकाळी ७ च्या आधी आणि रविवारी ८ च्या आधी निघणार नाहीत. ही तडजोड १९९० च्या कायद्याआधीची, म्हणून ती टिकली, आणि २०१४ मध्ये तिची मुदत वाढवण्यातही आली. न्यूपोर्ट बीचचे लोक बरबँकपेक्षा हुशार होते असे नाही. त्यांचा करार पाच वर्षे आधी झाला.

मोठ्या लॉस एंजेलिस विमानतळाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या पश्चिमेला समुद्रकाठी एक टुमदार वसाहत होती. जेटचा आवाज सुरू झाल्यावर साठ-सत्तरच्या दशकात ती घरे विकत घेऊन पाडली गेली. आज तिथे कुंपणामागे जुन्या रस्त्यांच्या खुणा आहेत आणि वाळूच्या टेकड्यांवर एक दुर्मिळ निळे फुलपाखरू वाढते आहे. पूर्वेला इंगलवूड आणि लेनॉक्स. तिथली वस्ती गरिबांची, ती तशी हलवता येणार नव्हती. मग डिसेंबर २००४ मध्ये त्या भागातल्या संघटना आणि विमानतळ यांच्यात करार झाला. तिथल्या शाळांना आणि घरांना आवाज अडवणाऱ्या खिडक्या-दारे बसवण्यासाठी पैसे आणि विमानतळाच्या नोकऱ्यांत स्थानिकांना आधी संधी, असे त्याचे स्वरूप होते. लोकांनी विमानतळ बंद करा असे म्हटले नाही. आवाज आम्ही सोसतो, तर कामही आम्हाला द्या, असे म्हटले.

आता आवाज मोजतात कसा, ते थोडक्यात सांगतो, कारण सगळे भांडण त्यावर येते. विमान अर्धा मिनिट गर्जते आणि निघून जाते. दिवसभराची सरासरी काढली, की ती गर्जना शांततेत विरघळते आणि कागदावर आकडा सोसण्याजोगा दिसतो. म्हणून अमेरिकेत रात्रीच्या विमानाच्या आवाजात १० डेसिबल वाढवून धरतात. डेसिबलच्या हिशेबात १० ची वाढ म्हणजे दहापट. म्हणजे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहा विमानांच्या बरोबरीचे. कॅलिफोर्निया तर संध्याकाळी ७ ते १० या वेळेलाही जादा वजन देते. झोपेची किंमत हिशेबात धरायची, हे कोणीतरी ठरवले म्हणून ती धरली जाते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. विमानतळाभोवतीच्या भागासाठी केंद्राने जून २०१८ मध्ये वेगळी मर्यादा दिली. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक उड्डाणे-उतरणी होणाऱ्या विमानतळांना दिवसा ७० व रात्री ६५, इतरांना ६५ आणि ६०. म्हणजे मुंबईसारख्या विमानतळाजवळ रात्रीची मर्यादा नेहमीपेक्षा २० डेसिबलने वर आहे.

अधिकारांची वाटणी मात्र जवळजवळ बरबँकसारखीच आहे. आपल्या राज्यघटनेत विमाने, हवाई वाहतूक आणि विमानतळ हे केंद्राच्या सूचीत २९ व्या क्रमांकावर आहेत. नगरसेवक म्हणतो ते इथपर्यंत खरे. पण त्याच घटनेत ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली, आणि तिच्यातले पहिलेच दोन विषय आहेत नगररचना, आणि जमिनीचा वापर व इमारतींचे बांधकाम यांचे नियमन. राज्याने सोपवले तर ही कामे नगरपालिकेची. म्हणजे आभाळ दिल्लीचे असले, तरी त्या आभाळाखाली शाळा बांधायची की गोदाम, रुग्णालय की बाग, हे गावाला ठरवता येते.

मुंबईत ती वेळ केव्हाच निघून गेली. धावपट्टीच्या भिंतीला टेकून वस्त्या आहेत, पत्र्याची छपरे आहेत. ज्याचे घरच कायम नाही, त्याला आवाज अडवणारी खिडकी कुठली देणार? आणि आपल्या हवेत खिडकी बंद करून पंख्याखाली झोपता येत नाही, हेही आहे. अमेरिकेतला उपाय जसाच्या तसा उचलला, तर त्याबरोबर एअर कंडिशनर आणि त्याचे वीजबिल येते. रात्रीची विमाने बंद करा म्हणावे, तर आपलीच मुले मध्यरात्रीच्या विमानाने युरोप-अमेरिकेला जातात. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ बंदी आहे. मग पहाटे तिथे उतरायचे तर इथून मध्यरात्रीच निघावे लागते. त्यांच्या झोपेचा थोडा भार आपल्या झोपेवर पडतो.

पण नवी मुंबईची गोष्ट तशी नाही. तिथल्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच डिसेंबरात प्रवासी विमाने सुरू झाली. पहिली धावपट्टी चालू आहे, दुसरी आराखड्यात आहे, आणि पूर्ण क्षमता वर्षाला नऊ कोटी प्रवाशांची धरली आहे. भोवती उलवे, पनवेल, कामोठे झपाट्याने वाढते आहे. पनवेल महानगरपालिका २०१६ सालची, आणि विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी नियोजनाचे काम २०१३ मध्ये सिडकोकडे सोपवले गेले. दहा गावांनी या विमानतळासाठी आपली घरे सोडली आहेत. आज जे फ्लॅट घेत आहेत, त्यांना विमानतळ किती मिनिटांवर आहे हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत सांगितले जाते. विमान किती फुटांवरून जाईल, ते मात्र कोणी सांगत नाही.

इथे स्थानिक संस्थेला दिल्लीची परवानगी न घेता करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. आवाजाच्या पट्ट्यांचा नकाशा वॉर्ड कार्यालयात लावता येईल. बांधकामाची परवानगी देताना, घर घेणाऱ्याला तो पट्टा लेखी कळवा, अशी अट घालता येईल. नव्या शाळा आणि रुग्णालये उड्डाणमार्गापासून दूर ठेवता येतील. शाळेच्या गच्चीवर आवाज मोजण्याचे यंत्र बसवून महिन्याचे आकडे जाहीर करता येतील, आणि त्यात रात्रीचे आकडे वेगळे दाखवता येतील. विमानतळाशी बोलणी करताना गावाच्या प्रतिनिधींसाठी जागा मागता येईल, स्थानिक तरुणांच्या नोकऱ्यांचा हिशेब मागता येईल.

बरबँकची शेवटची बातमी सांगतो. तिथले जुने टर्मिनल धावपट्टीच्या फार जवळ होते. नवे बांधायला नागरिकांची मंजुरी लागणार होती. २०१६ च्या नोव्हेंबरात मतदान झाले आणि लोकांनी होकार दिला. मात्र जुन्या टर्मिनलला १४ दरवाजे होते, नव्यालाही १४ च राहतील, असे ठरवून घेतले. २०२४ मध्ये बांधकाम सुरू झाले. ज्या नगरपालिकेला रविवारचे एक विमान थांबवता आले नव्हते, तिच्या नागरिकांच्या होकाराशिवाय हे टर्मिनल उभे राहू शकत नव्हते. कारण या वेळी प्रश्न आभाळाचा नव्हता, जमिनीवरच्या बांधकामाचा होता.

म्हणून पुढच्या वेळी नगरसेवक भेटले, तर "विमान बंद करा" असे म्हणू नका. ते खरेच त्यांच्या हातात नाही. त्यांना विचारा, आपल्या वॉर्डाचा आवाजाचा नकाशा कुठे आहे, आणि त्या पट्ट्यात यंदा किती इमारतींना परवानगी दिलीत? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच कार्यालयात असायला हवे.