फिट आली की आधी घड्याळ बघा



बक्षिसं वाटायची आहेत, नाटकाची मंडळी रंग लावून बसली आहेत. तरीही थोडा वेळ एका आजाराविषयी बोलायला हवं. तो पुष्कळदा शाळेच्या वयातच गाठतो आणि घरचे लोक तो वर्षानुवर्षं लपवतात.

यात्रेत, एसटी स्टँडवर, कधी भर वर्गात एखादं पोर धाडकन खाली पडतं. हातपाय झटकू लागतात, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो. गर्दीतला एक जण कांदा फोडतो, दुसरा पायातली चप्पल काढून नाकाशी धरतो, तिसरा किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतो. मिनिट-दोन मिनिटांत झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळतं. बहुतेक फिट तेवढ्या वेळात आपोआपच थांबतात. अडचण होते ती न थांबणाऱ्या फिटची. तिथं कांदा शोधण्यात गेलेली मिनिटं फार महाग पडतात.

ती का महाग पडतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवलं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी बोलतात. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ही वीज पहिल्यांदा नोंदवली. दवाखान्यात काढतात तो ईईजी त्यातूनच आला. फिटमध्ये असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात संकेत सोडू लागतात. बाधा म्हणून जिच्यासाठी लिंबू उतरवतात, ती गोष्ट अशी कागदावर रेघांत उमटते.

उंदरांवरचे ते प्रयोग झाले हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागावर; आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. जन्मानंतर मेंदूत नवी पेशी तयार होत नाही, असं पूर्वी ठामपणे शिकवलं जाई. जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा नव्या पेशी दाखवल्या. बरीच वर्षं त्यांच्या कामाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे १९९७ मध्ये जॅक पॅरेंट आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ चाललेल्या तीव्र फिटनंतर काय होतं ते तपासलं. नव्या पेशींचा जन्म एकदम वाढला होता! पण त्यातल्या काही भलत्याच जागी जाऊन बसल्या होत्या, तिफणीतलं बी तासात न पडता बांधावर उगवावं तशा. तिथून त्यांनी चुकीच्या जोडण्याही केल्या. त्याउलट, आजार जुना झाला की नव्या पेशींचं प्रमाण फार घटतं, असं अशोक शेट्टी यांच्या गटाला २००४ मध्ये आढळलं. जेनी शेह यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांत या नव्या पेशी आधीच काढून टाकल्या, तेव्हा पुढच्या काळात वारंवार येणाऱ्या फिट सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे एक लांबलेली फिट पुढच्या फिटसाठी वाट तयार करून ठेवू शकते.

या अभ्यासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य त्याआधी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात संशोधन करत होत्या. विजेचा धक्का देऊन वारंवार आणलेल्या फिटनंतर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींना नवे तंतू फुटतात, आणि तेही पेशी मेलेल्या नसताना, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये दाखवलं. त्याच संस्थेत शुभा टोळे यांचा गट गर्भात मेंदू कसा घडतो ते शोधतो. कोणती पेशी मेंदूच्या बाह्य थराची होणार आणि कोणती शेजारी हिप्पोकॅम्पस घडवून आणणारी, हे ठरवण्यात एलएचएक्स-२ या जनुकाचा हात आहे, हे त्यांचं २००८ चं काम जगभर नावाजलं गेलं.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, हे विसरायचं नाही. छोट्या फिटने लगेच मेंदू बिघडतो, असंही कुणी समजू नये. पण पाच मिनिटं झाली तरी झटके थांबत नसतील, किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी फिट आली, तर ती आणीबाणी असते. तेव्हा १०८ ला फोन करायचा. तोवर त्या मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेलं कापड ठेवायचं, गळ्याजवळचं बटण सैल करायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि एकाने फक्त घड्याळाकडे बघायचं.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार, म्हणजे अपस्मार, आहे. नीट उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या उपचारांतलं फिनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात आहे आणि अगदी स्वस्त आहे. तरी गोळ्या मध्येच सुटतात. बरं वाटतं म्हणून सुटतात, उपास म्हणून सुटतात, आणि मुलीच्या बाबतीत तर पाहुणे बघायला येणार म्हणून गोळ्यांची डबी लपवली जाते. हे सगळ्यात क्लेशदायक आहे. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराला लग्नाच्या आड येणारी गोष्ट मानलं होतं. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातून काढला. गावातल्या बैठकीत मात्र तो अजून काढायचा राहिला आहे. पालकांनो, शाळेला सांगा. वर्गात दोन मित्रांना ठाऊक असेल, तर तुमचं लेकरू घाबरलेल्या गर्दीच्या हाती सापडणार नाही.

बारावी विज्ञानाच्या मुलांसाठी एक प्रश्न मोकळाच आहे. मोठ्या माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी खरंच जन्मतात का? २०१८ मध्ये एका गटाने जवळजवळ नाही म्हटलं, दुसऱ्याने त्याच वर्षी हो म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही. त्याचं उत्तर शोधावंसं वाटलं, तर कुलाब्याच्या त्या टाटा संस्थेत पीएच.डी.साठी देशभरातून प्रवेश परीक्षा आणि मुलाखत होते, आणि परभणीत पदवी घेतलेल्या मुलीलाही तिथं अर्ज करता येतो.