पक्ष्याचे छायाचित्र : किती उजळावे?



या व्यासपीठावरून आपण वेदान्तापासून अर्थकारणापर्यंतचे विषय ऐकत आला आहात. त्या मानाने आमचा विषय अगदीच किरकोळ. पक्ष्याचे छायाचित्र काढून घरी आणले, की संगणकापुढे बसून त्याचे काय करावे आणि काय करू नये, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. पण आज या मंडपातील बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे आणि चित्र उजळण्याची कळही आहे. तेव्हा हा प्रश्न आम्हा चार हौशी मंडळींपुरता उरलेला नाही.

आमच्या मंडळींत एक सोवळा पंथ आहे. "आम्ही चित्राला हात लावत नाही, कॅमेऱ्याने दिले तेच दाखवतो," असे तो अभिमानाने सांगतो. हे सोवळे फार काळ टिकणारे नाही. कॅमेऱ्यातील संवेदकावर लक्षावधी बारीक घरे असतात आणि बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक घरापुढे एकेका रंगाची काच असते : निम्म्या घरांपुढे हिरवी, पाव घरांपुढे तांबडी, उरलेल्या पाव घरांपुढे निळी. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी बसवलेली ही मांडणी. तिचे पेटंट १९७६ सालचे आहे. म्हणजे प्रत्येक घराला एकच रंग दिसतो. उरलेले दोन यंत्र शेजारच्या घरांवरून हिशेब करून भरते. पुढे तेच यंत्र आपल्या मताने रंग गडद करते, कडा धारदार करते आणि मग चित्र आपल्या हाती देते. हात न लावलेले चित्र याला कसे म्हणावे? हात लागलेलाच असतो, फक्त तो आपला नसतो. जुन्या डार्करूममध्ये तरी काय होते? प्रकाशाच्या झोतात तळहात धरून चित्राचा एक भाग फिका ठेवायचा, दुसऱ्यावर अधिक उजेड पाडायचा, हा त्या विद्येचा गाभाच होता.

म्हणून आमचे म्हणणे असे, की चित्र जरूर उजळावे. किंबहुना काही पक्षी उजळल्यावाचून खरे दिसतच नाहीत. बगळ्याचे पाहा. काळपट पाण्यात पांढरा बगळा उभा असला, की कॅमेरा सगळ्या देखाव्याची सरासरी काढतो, त्याला तो अंधारा वाटतो आणि तो उजेड वाढवतो. बगळ्याच्या अंगावरची पिसे एकमेकांत विरून भिंतीला चुना फासावा तसा एक पांढरा ठिपका उरतो. त्या ठिपक्यातून पुढे काही म्हणता काही निघत नाही, कारण तेथे नोंदच झालेली नसते. तेव्हा चित्र थोडे अंधारेच घ्यावे आणि ते कच्च्या स्वरूपात, म्हणजे ज्याला रॉ म्हणतात तसे, ठेवावे. चौदा बिटांच्या कच्च्या नोंदीत प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. नेहमीच्या जेपेगमध्ये अवघ्या २५६. या पायऱ्यांच्या बळावर मागचे पाणी, पायांची काळी रेघ, पंखाखालची सावली हलके हलके वर आणता येते आणि पांढऱ्यातले पांढरे पीस वेगळे दिसते. यात खोटे काही नाही. डोळ्यांनी पाहिले होते तेच पुन्हा जागेवर आणले.

घोटाळा होतो तो रंगाच्या सरकपट्टीवर. आपला खंड्या घ्या. त्याच्या पाठीच्या निळ्यात निळे रंगद्रव्य नसते. पिसाच्या आतील अतिसूक्ष्म जाळीदार रचनेवरून निळा प्रकाश तेवढा परततो. तो निळा आधीच इतका तीव्र, की पट्टी बोटभर सरकवली तरी निळ्याची नोंद छताला टेकते आणि पिसांचे धागे नाहीसे होतात. मग जो दिसतो तो खंड्या नव्हे. धुण्याच्या निळीत बुडवून काढलेला कोणी दुसराच प्राणी. लोक मात्र वाहवा करतात, आणि ती वाहवा ऐकून दुसऱ्या दिवशी पट्टी आणखी एक बोट पुढे जाते. भिगवणच्या रोहित पक्ष्यांची तीच गत. मोठा रोहित मुळात पांढरट, पंखांत तेवढा लाल. पण चित्रांतून तो इतका गुलाबी झाला आहे, की प्रत्यक्ष पाहून लोक हिरमुसतात. त्याची धुरकट पिले तर चित्रांतून कापूनच टाकतात.

आता आमचा अपराध सांगतो. आक्षीच्या किनाऱ्यावर एका हिवाळ्यात आम्ही चिखल्यांच्या थव्याचे चित्र घेतले. हे इवलेसे पक्षी हिमालयापलीकडून आपल्या किनाऱ्यांवर उतरतात. पुढच्याच पक्ष्याच्या मांडीला काही रंगीत कचरा चिकटल्यासारखा दिसला. समुद्रकाठी प्लास्टिकला काय तोटा! आम्ही तो कचरा संगणकावर सफाईने पुसला, चित्र मूळ प्रतीवरच साठवले आणि चौकट करून भिंतीला टांगले. काही महिन्यांनी एक पक्षीनिरीक्षक स्नेही घरी आले. त्याच आठवड्यात त्याच किनाऱ्यावर त्यांना पायात खुणेची पट्टी असलेला एक चिखल्या लांबून दिसला होता, पण अक्षरे वाचता आली नव्हती. "तुमच्या थव्यात होता का हो?" त्यांनी सहज विचारले. बंधुभगिनींनो, होता. त्या पट्टीवरच्या दोन-तीन अक्षरांवरून पक्षी कोठे पकडला, केव्हा सोडला, हे सारे कळते. आमचे चित्र जवळचे होते, स्वच्छ होते, आणि अक्षरे आम्ही आमच्याच हाताने पुसली होती. मूळ प्रत नव्हती. आम्ही चहा मागवला आणि विषय बदलला.

पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी बदलल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. वनपिंगळ्याचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर खरा नमुना मिळाला नाही. परंतु रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता, आणि लोक त्यावर विसंबले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली सिद्ध करून प्रसिद्ध केले, की तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून पुन्हा भरलेला नमुना होता. ही खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या जागा शोधल्या, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळच्या रानात वनपिंगळा जिवंत भेटला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. त्या गृहस्थांनी जाणूनबुजून केले आणि आम्ही अजाणतेपणी, हे खरे; पण चिखल्याला त्याने काय फरक पडतो?

अलीकडे एक नवी सोय झाली आहे. तिन्हीसांजेच्या चित्रावर जे दाणे येतात ते कृत्रिम बुद्धीची आज्ञावली काढून टाकते, आणि दाण्यांच्या जागी पीस कसे असावे याचा अंदाज, पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून, स्वतःच करते. अंदाज सुंदर असतो. पण पर्णवटवट्यांसारख्या पक्ष्यांत भुवईची फिकी रेघ किंवा पंखावरचा पुसट पट्टा एवढ्यावर ओळख ठरते. ती रेघ पक्ष्याची की यंत्राची, हे मग कोणी सांगावे? भिंतीवरच्या चित्राला आम्ही ही सोय वापरतो. नोंदीसाठी पाठवायच्या चित्राला नाही. ते दाणेदार, अंधारे, काडीकचऱ्यासकट जाते.

मंडपाच्या बाहेर, पाणपोईशेजारी, एकाच खंड्याच्या दोन प्रती लावल्या आहेत : एक कॅमेऱ्यातून निघाली तशी, दुसरी आम्ही उजळलेली, आणि खाली काय काय केले त्याची यादी. जाता जाता पाहाव्यात. निळा जास्त झाला असे वाटले, तर तिथल्या वहीत लिहून ठेवा.